राखणदाराचा आवाज

मुंबईत कुत्र्यांवरून दंगल झाली होती, तीही १८३२ साली, असं सांगितलं की बहुतेकांना थट्टा वाटते. त्या जूनमध्ये कोटातल्या साहेबांना मात्र थट्टा सुचत नव्हती, कारण कुलाब्याच्या छावणीची रसद अडली होती.

झालं असं की, उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारायची मुभा देणारा नियम १८१३पासूनच होता. १८३२मध्ये त्याची मुदत वाढवली गेली आणि दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होतं. आठ आणे मिळत असताना मोकाट कोण आणि पाळीव कोण, हे कोण बघत बसतंय? शिपाई लोकांच्या दारापर्यंत पोचले. ६ जूनला कोटातल्या पारशांनी त्यांना चोपलं. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. हिंदू, जैन, मुसलमानही त्यात उतरले. लष्कर आलं, धरपकड झाली, पण सरकारलाही नमतं घ्यावं लागलं: कुत्री मारायची नाहीत, शहराबाहेर नेऊन सोडायची. दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीशा शेठ यांनी पांजरापोळ काढली. गिरगावातून भुलेश्वरला चालत जाताना ती आजही लागते.

पारशांना एवढा राग का आला? त्यांच्या अंत्यविधीत ‘सगदीद’ असतो, म्हणजे मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी लागते, हे अनेकांनी ऐकलेलं असतं. मला जास्त महत्त्वाची वाटते ती ‘वेंदिदाद’ या त्यांच्या ग्रंथातली कुत्र्याची थोरवी. तिथे कुत्रा मोठा आहे तो जागा राहतो म्हणून. त्याचा आवाज शाबूत असेल तर चोर आणि लांडगा जवळ येत नाहीत. आपण ज्याला कटकट म्हणतो, नेमकं तेच तिथे पुण्य आहे.

आणि भुंकणं हे बरंचसं माणसाच्या सहवासात वाढलेलं आहे. मोठे लांडगे क्वचित भुंकतात. हंगेरीतल्या संशोधकांनी लोकांना नुसतं रेकॉर्ड केलेलं भुंकणं ऐकवलं, तर कधी कुत्रा परक्यावर भुंकतोय, कधी एकटा पडलाय आणि कधी खेळतोय, हे बऱ्याच जणांना बरोबर ओळखता आलं. कुत्रा न पाळलेल्यांनासुद्धा!

चाळीत हा आवाज सगळ्यांच्या कामाचा होता. जिन्याशी पडलेला कुत्रा कुणा एकाचा नसायचा, पण पहिल्या पाळीहून परतणाऱ्याची पावलं त्याला ठाऊक असायची. तो परक्यावर भुंकला की गॅलरीत चार डोकी बाहेर यायची. काम झालं, कुत्रा गप्प.

गिरण्या गेल्या, लालबाग-परळला टॉवर आले. कुत्रा आता पस्तिसाव्या मजल्यावर बंद दाराआड आहे, राखण मात्र सुटलेली नाही. लिफ्टचं दार वाजतं, तो भुंकतो, डिलिव्हरीवाला पार्सल ठेवून निघून जातो. आपल्या लेखी पार्सल आलं; त्याच्या लेखी चोर पळाला. दिवसातून दहा वेळा तो जिंकतोय, मग भुंकणं सोडेल कशाला? त्यात आपण “गप्प!” म्हणून ओरडलो, तर त्याला वाटतं घरचेही साथीला आले.

म्हणून उपाय घशावर नाही, कारणावर करायचा. बेलचा आवाज फोनवर अगदी हळू वाजवायचा, तो भुंकायच्या आत खाऊ द्यायचा, आठवड्यांमागून आठवडे आवाज थोडा थोडा वाढवायचा. दाराशी दिसणारी फट झाकायची. सकाळी त्याला ओढत न नेता मनसोक्त हुंगू द्यायचं. नाकाला काम मिळालं की कुत्रा दमतो आणि निवांतही होतो. आपण बाहेर असताना तो रडतो का, हे शेजाऱ्यांना माहीत असतं, आपल्याला नसतं. जुना फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवा. एकटेपणाची भीती असेल तर दोन मिनिटं, पाच मिनिटं अशी बाहेर जाण्याची सवय लावावी लागते. म्हातारा कुत्रा अचानक भुंकू लागला तर आधी डॉक्टर. दुखणं किंवा बहिरेपण असू शकतं. शॉक देणाऱ्या पट्ट्याने आवाज बंद होतो, भीती आतच राहते. तो पट्टा म्हणजे मला आठ आण्यांचीच नवी आवृत्ती वाटते.

त्या आठ आण्यांचा हिशोब १८३२ला मिटला नव्हताच. महापालिका १९९०च्या दशकापर्यंत भटकी कुत्री मारत होती; पुढे नसबंदीचा मार्ग आला. पाळीव कुत्र्यांबाबत भारतीय पशू कल्याण मंडळाने २०१५मध्ये सोसायट्यांना कळवलं की भुंकणं हे बंदीचं कारण होऊ शकत नाही. ग्रुपवर भांडताना कुत्रेवाले हे वाक्य आवर्जून टाकतात. त्याच सूचनांमध्ये मालकांनाही सांगितलं आहे की कुत्रा शांत राहावा, विशेषतः रात्री, यासाठी होईल तेवढा प्रयत्न करा. ते वाक्य मात्र ग्रुपवर कुणी टाकत नाही. भिंतीपलीकडे तान्हं बाळ असतं, रात्रपाळी करून आलेली नर्स झोपलेली असते. आणि भांडण विकोपाला गेलं की घर सोडावं लागतं ते बहुतेकदा कुत्र्याला.