वाण आणि गुण

मेंढीला खाज सुटते. ती कुंपणाला, खांबाला अंग घासत राहते, लोकर झडते, चाल बिघडते आणि काही महिन्यांत ती दगावते. हा स्क्रेपी रोग युरोपातल्या मेंढपाळांना अठराव्या शतकापासून ठाऊक आहे. तो रक्तातून उतरतो की कळपातून लागतो, यावर मात्र विसाव्या शतकातही पशुवैद्य हमरीतुमरीवर येत. १९३६ मध्ये क्युइये आणि शेल यांनी फ्रान्समध्ये हा रोग टोचून लावून दाखवला. तरी ब्रिटनमध्ये पॅरी तो आनुवंशिकच मानत राहिले. त्यांना हट्टी म्हणण्याची घाई नको. रोग ठरावीक घराण्यांत फिरतो, हे निरीक्षण खरेच होते.

प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये ज्याला प्रायॉन म्हटले, ते मेंढीचेच एक प्रथिन, फक्त घडी चुकलेले. शेजारच्या धडधाकट प्रथिनालाही ते तीच घडी घालायला लावते. ढवळ्याशेजारच्या पवळ्यासारखेच: वाण बदलत नाही, गुण लागतो. या प्रथिनात १७१ व्या स्थानी आर्जिनिन हे अमिनो आम्ल असले, तर नेहमीची स्क्रेपी सहसा होत नाही. १३६ व्या स्थानी व्हॅलिन असले, तर धोका वाढतो. पण असा धोक्याचा वाण ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या कळपांतही आहे आणि तिथे ही स्क्रेपी नाही. उलट आइसलँडमध्ये एका जुन्या मेंढवाड्यात संसर्ग किमान १६ वर्षे टिकून राहिल्याचे दिसले.

मला सर्वांत बोलकी वाटते ती वार. बाधित मेंढी व्याली की वारेतून प्रायॉन जमिनीवर पडतात, पण ते वारेत साठणार की नाही, हे पोटातल्या कोकराच्या जनुकावर ठरते. बापाकडून आर्जिनिनचे जनुक आलेले असले, तर वार बहुधा स्वच्छ निघते. म्हणजे मेंढा निवडताना आपण कुरणाचीही निवड करत असतो. पुढे वाचताना जनुक आणि परिसर असे दोन रकाने आखू नयेत, ते यासाठी.

गायींच्या बीएसई या प्रायॉनरोगाचे गणित निराळे. १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये ओळखल्या गेलेल्या त्या साथीत मुख्य दोष मांस-हाडांच्या भुकटीच्या खाद्याचा. वाणाचा वाटा नगण्य.

हिमालयाच्या पायथ्याशी मेंढ्यांत स्क्रेपी आढळल्याचा वृत्तांत १९६१ मध्येच प्रसिद्ध झाला होता, तेव्हा आपल्याकडच्या पशुवैद्यांनी हा विषय परका मानू नये. आणि प्रतिकारक मेंढा आणला की काम संपले, असेही समजू नये: १९९८ मध्ये नॉर्वेत सापडलेली वेगळ्या प्रकारची स्क्रेपी आर्जिनिनवाल्या मेंढ्यांनाही होते.