घरी जाऊन येणारी बाई

शाळेत समुपदेशक म्हणून काम करत होते तेव्हा काही शिक्षक म्हणायचे, ‘मुलांशी बोलायला वेगळं माणूस कशाला? आमच्या वेळी होतं का असलं काही?’ मी त्यांना सांगायची, होतं. मुंबईत पहिलं बालमार्गदर्शन केंद्र १९३७ साली निघालं. आणि या कामाचं मूळ शोधत गेलं तर ते सापडतं कोर्टात उभ्या केलेल्या गरीब मुलांपाशी.

ते कोर्ट शिकागोचं. १८९९मध्ये तिथे मुलांसाठी वेगळं न्यायालय सुरू झालं. शिक्षेपेक्षा सुधारणेवर भर द्यायचा, असं ठरलं. पण काही मुलं सुटायची आणि पुन्हा पकडून आणली जायची. असं का होतं, हे न्यायाधीशांना उमगेना. तेव्हा जेन ॲडम्स यांनी गरीब वस्तीत चालवलेल्या हल हाऊस या केंद्रातल्या ज्युलिया लॅथ्रॉप यांनी पुढाकार घेतला, एथेल डमर नावाच्या बाईंनी पाच वर्षांचा खर्च उचलला आणि १९०९मध्ये डॉ. विल्यम हीली यांनी या मुलांचा अभ्यास सुरू केला.

तो काळ लक्षात घेतला पाहिजे. गुन्हेगार जन्मावाच लागतो, त्याच्या कवटीवरून तो ओळखता येतो, असं मानणारे विद्वान होते. रक्तच वाईट म्हटलं की प्रश्न मिटला. हीलींनीही मापं घेतली, बुद्धीच्या चाचण्या केल्या, घराण्याचा इतिहास लिहून काढला. पण त्यांनी आणखी एक गोष्ट केली, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोठी: तुझी हकिकत तूच सांग, असं ते मुलाला म्हणाले. १९१५मध्ये त्यांचा जाडजूड ग्रंथ आला. त्यात गुन्ह्याचं एकच एक कारण कुठेही नाही. प्रत्येक मुलामागे कारणांची वेगळी गुंतागुंत आहे. दोन वर्षांनी आलेल्या पुस्तकात ते आणखी आत शिरले. मनात दडवलेली, कुणालाच न सांगितलेली एखादी गोष्ट मुलाला चोरीपर्यंत, घरातून पळून जाण्यापर्यंत कशी नेते, हे त्यांनी दाखवलं.

पुढे १९२२पासून कॉमनवेल्थ फंड या न्यासाच्या पैशांवर अमेरिकेत अशी बालमार्गदर्शन केंद्रं निघाली, १९२९मध्ये लंडनला. तोवर कामाची घडी बसली होती. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेविका अशी तिघं मिळून एका मुलाचा विचार करत. समाजसेविका मुलाच्या घरी जाई, आईशी बोले, शाळेत चौकशी करी.

इकडे मुंबईत १८५७पासून डेव्हिड ससूनची सुधारशाळा होती, १९२४मध्ये मुलांचा कायदा झाला, १९२७मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी आली. त्याच सुमारास नागपाड्यात अमेरिकन मराठी मिशनचं नेबरहूड हाऊस उभं राहिलं. ते चालवणारे क्लिफर्ड मॅन्शार्ट शिकागो विद्यापीठात शिकलेले. गिरणगावाला लागून असलेल्या त्या वस्तीत १९३६ साली त्यांनी सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू केलं. आजची टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजे ‘टिस’, ती हीच. मुलांचं मार्गदर्शन केंद्र या संस्थेनं दुसऱ्याच वर्षी काढलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. मुलांच्या मनाची विचारपूस इथे सुरू केली ती समाजकार्य शिकवणाऱ्या शाळेनं, म्हणजे घरी जाऊन येणाऱ्या माणसांनी.

घरी जाण्यानं काय होतं, ते मी पाहिलंय. नववीतला एक मुलगा वर्गात झोपायचा, उठवलं की अंगावर धावून यायचा. सगळ्यांनी त्याला ‘वाया गेलेला’ ठरवलं होतं. माझ्यासमोर तो खुर्चीत बसून नुसता नखं कुरतडायचा. शेवटी अँटॉप हिलला त्याच्या खोलीवर गेले. दहा बाय बाराची खोली. मोठा भाऊ रात्रपाळीहून पहाटे येऊन झोपायचा, म्हणून याला चारलाच उठावं लागे. वडिलांचं पिणं वेगळंच. आईनं चहा टाकला आणि पोरगा पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला, ‘मॅडम, तुम्ही आलात?’ त्यानंतर तो शाळेत माझ्या खोलीत येऊन बोलू लागला. झोपेचा प्रश्न आम्ही शेजारच्या मावशींकडे अंथरूण टाकून सोडवला. रागाचा प्रश्न सुटायला वर्ष गेलं.

ठाण्यात १९९०मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली, आणि मनाबद्दल मराठीत मोकळेपणानं बोललं जाऊ लागलं. २०१४पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांतही किशोरवयीनांसाठी समुपदेशक बसू लागले. हे सगळं चांगलंच झालं. पण बालमार्गदर्शन केंद्रातल्या त्या तिघांपैकी घरी जाणारी व्यक्ती मात्र हळूहळू गळून पडली. आज थेरपी म्हणजे बंद खोली, ठरलेला तास आणि फी. ज्या मुलांसाठी ही विद्या जन्मली, त्यांच्या घरात त्या फीचे पैसे नसतात, आणि त्या खोलीत येऊन कसं बोलायचं तेही त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

शाळा चालवणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे. समुपदेशक नेमा, आणि तिच्या आठवड्यातली एक दुपार मुलांच्या घरी जाण्यासाठी मोकळी ठेवा. त्या दुपारी तिला ऑफ पिरियडला पाठवू नका. आणि पालकांनो, ती दारात आली तर मुलाची तक्रार आली असं समजू नका, तिला आत बोलवा. तोवर कुणाच्या घरात पोर अडकलं असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून ठेवा. तो मोफत आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.