खुब्याच्या तात्पुरत्या अस्थिसुषिरतेचे नामकरण

१९५९ साली कर्टिस व किनकेड या अमेरिकन वैद्यकज्ञांनी तीन स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. तिघीही गर्भावस्थेच्या अखेरच्या तिमाहीत होत्या. खुब्यात वेदना सुरू झाली, क्ष-किरणचित्रात ऊर्वस्थीचे शीर्ष विरल दिसू लागले, आणि प्रसूतीनंतर काही महिन्यांत अस्थी पूर्ववत् झाली. साहजिकच व्याधीच्या नावात 'गर्भावस्था' हा शब्द आला. नाव वस्तुस्थितीस धरून होते, परंतु ते अपुरे होते. पुढे असे आढळले की, ही व्याधी मध्यमवयीन पुरुषांनाच अधिक जडते.

१९६८ साली फ्रेंच संधिरोगतज्ज्ञ लेकेन यांनी 'तात्पुरती अस्थिसुषिरता' हे नाव पुढे मांडले व सूडेक यांनी १९०० साली वर्णिलेल्या अस्थिशोषाचा आघाताविना होणारा प्रकार म्हणून तिची गणना केली. नवी वस्तू जुन्या कुळात घालण्याची ही रीत भाषाभ्यासकांस अपरिचित नाही. १९८८ साली विल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी चुंबकीय प्रतिमांच्या आधारे 'तात्पुरता अस्थिमज्जाशोफ' हे नाव सुचविले. त्यांच्या लेखाच्या शीर्षकाअखेर प्रश्नचिन्ह होते. नाव रूढ झाले; प्रश्नचिन्ह मात्र गळून पडले.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. रक्तपुरवठा खंडित होऊन ऊर्वस्थिशीर्ष मृत होणे ही निराळी व्याधी. तीत शीर्ष ढासळू शकते व पुष्कळदा शस्त्रक्रिया करावी लागते. येथे मात्र वेदनाशामके व कुबड्या पुरतात आणि सामान्यतः सहा ते बारा महिन्यांत रोगी बरा होतो. तथापि 'तात्पुरती' या विशेषणाने गाफील राहून दुखऱ्या पायावर भार दिल्यास ऊर्वस्थीची मान मोडू शकते.

मराठीत आणखी एक अडचण आहे. 'अस्थिक्षय' हा शब्द सोपा खरा. पण 'हाडाचा क्षय' म्हटले की मराठी माणसास क्षयरोगच आठवतो. योगायोग असा की, या व्याधीत खुब्याच्या क्षयरोगाचीच शंका प्रथम येऊ शकते. सांध्यातील अंतर कायम राहते, ही येथील एक महत्त्वाची खूण होय. क्षयरोगात ते कालांतराने घटते. म्हणून परिभाषेतील 'अस्थिसुषिरता' हाच शब्द इष्ट. बासरीसारख्या पोकळ वाद्यांना सुषिर वाद्ये म्हणतात, हे ठाऊक असलेल्या विद्यार्थ्यास त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.