नवी गाडी येणार आहे : वाट पाहण्याचा इतिहास



आजचा विषय वाचून काही जणांना आश्चर्य वाटलं असेल. ज्याचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, त्याने मोटारगाड्यांवर काय बोलायचं? शंका रास्त आहे. आमच्या दारात गाडी आहे, पण तिचं बॉनेट आम्ही स्वतःच्या हाताने कधी उघडल्याचं आठवत नाही. तरीही हा विषय घेतला, त्याला कारण शीळफाटा.

२०२४ च्या उन्हाळ्याच्या सुरुवातीची गोष्ट. ठाण्याहून मुंब्र्यामार्गे डोंबिवलीला निघालो होतो. गाडी शेजारचा मुलगा चालवत होता. शीळफाट्याला आलो आणि अडकलो. मुंब्र्याकडून येणारं, पनवेलकडून येणारं, महाप्याकडून येणारं आणि कल्याणहून येणारं असं सगळं तिथे एकत्र येतं, हे तुम्हाला सांगायला नको. समोर कंटेनर, मागे कंटेनर. अर्धा तास जागचे हललो नाही, तेव्हा त्या मुलाने मोबाइलवर एक फोटो काढून दाखवला. म्हणाला, "काका, ही बघा नवी स्विफ्ट. जपानमध्ये आली, आपल्याकडे यायचीय. शोरूमवाला आत्ताचं मॉडेल सूट देऊन द्यायला तयार आहे, पण मी थांबलोय."

मग त्याने आम्हाला बरंच शिकवलं. पुढचे दिवे कसे बदललेत, इंजिन चार सिलिंडरचं जाऊन तीन सिलिंडरचं येणार, त्यावरून मित्रांमध्ये कसे दोन तट पडलेत. अंगावर काळे-पांढरे पट्टे चिकटवलेली चाचणीची गाडी कुणाला रस्त्यात दिसली, की तिचा फोटो कसा गावभर फिरतो. ऐकताना मनात आलं, गाडीची वाट तर आमच्या पिढीनेही पाहिली. कितीतरी जास्त पाहिली. पण ते वाट पाहणं आणि हे वाट पाहणं एकच का? आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे.

थोडं मागे जाऊ. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याला कारखाना निघाला. आधी अमेरिकन गाड्यांची जुळणी झाली, मग इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० इथे आली. तिचा गोल, गुबगुबीत घाट बघून मुंबईकरांनी तिला 'डुक्कर फियाट' म्हणायला सुरुवात केली. तिचे पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे मागच्या बाजूला बिजागरी असलेले. १९६४ साली तिच्या जागी चौकोनी घाटाची ११०० डिलाइट आली. आज आपण जिला काळीपिवळी टॅक्सी म्हणून ओळखतो, ती हीच.

आता गंमत बघा. इटलीत हे रूप १९६२ साली आलं आणि १९६६ साली गेलं. चार वर्षांत तिथल्या लोकांनी ते मागे टाकलं. आपल्याकडे फियाटचा परवाना संपला, तेव्हा गाडीचं नाव बदललं. आधी प्रेसिडेंट झालं, मग १९७४ पासून पद्मिनी. समोरची जाळी बदलली, किरकोळ बाकी काही बदललं, पण गाडी तीच राहिली. स्टिअरिंगलगतचा गिअरचा दांडा तोच, १०८९ सीसीचं इंजिन तेच. विसावं शतक संपेपर्यंत ती तयार होत होती.

त्या काळी देशात मोटारगाड्या करणारे प्रामुख्याने तिघे : कलकत्त्याजवळ अॅम्बेसेडर, मद्रासला स्टँडर्ड आणि आपल्याकडे फियाट. किती गाड्या करायच्या, हे परवान्यावर ठरायचं. किंमत सरकार ठरवायचं. ती किती असावी, याचा वाद १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मागणी जास्त, गाड्या कमी. मग ग्राहकाने करायचं काय? नंबर लावायचा. आमच्या पिढीला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. स्कूटरला नंबर, टेलिफोनला नंबर, गॅसला नंबर, गाडीला नंबर.

आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी असाच गाडीचा नंबर लावला होता. वर्षं गेली. एक दिवस पत्र आलं, तुमचा नंबर लागला आहे. पण तोवर थोरल्या मुलीचं लग्न ठरलं होतं. साठवलेले पैसे तिकडे गेले आणि नंबर सोडून द्यावा लागला. ते पत्र त्यांनी फाडून टाकलं नाही, डिग्रीच्या फाइलमध्ये ठेवून दिलं. निवृत्तीच्या दिवशी आम्हाला दाखवलं आणि म्हणाले, "लागला होता बरं का."

या वाट पाहण्यात एक गोष्ट नव्हती, ती नीट लक्षात घ्या. गाडी कशी असेल, याची उत्सुकता नव्हती. कशी असेल हे ठाऊकच होतं. नंबर लावला त्या दिवशी रस्त्यावर जी फियाट धावत होती, तीच पाच-सात वर्षांनी दारात येणार. ग्राहक नंबराची वाट पाहत होता. रूपाची वाट पाहण्याची सोयच नव्हती.

१९८३ साली मारुतीने पहिला धक्का दिला. नोंदणीसाठी १० हजार रुपये भरायचे होते आणि गाडीची किंमत होती ४७,५०० रुपये. म्हणजे वस्तू बघायच्या आधी पाचवा हिस्सा पैसे. तरी दोन महिन्यांत सव्वा लाखाहून जास्त लोकांनी ते भरले. आता आमच्या शेजारच्या मुलाकडे या. मे २०२४ मध्ये स्विफ्टची नोंदणी ११ हजार रुपयांत झाली आणि किंमत ६ लाख ४९ हजारांपासून पुढे. म्हणजे जेमतेम साठावा हिस्सा. चाळीस वर्षांत नोंदणीची रक्कम हजार रुपयांनी वाढली, असं म्हणा हवं तर! तेव्हा कंपनी ग्राहकाला पारखून घेत होती, आज ग्राहक कंपनीला पारखतो. या दोन आकड्यांत तो सगळा बदल दिसतो.

मग प्रीमियरवाल्यांनी रूप बदललंच नाही का? बदललं, आणि इथे आपण शीळफाट्याच्या रस्त्याला लागतो.

१९८५ साली त्यांनी ११८ एनई ही गाडी आणली. ती १९६६ च्या फियाट १२४ वर बेतलेली होती, इंजिन निसानचं. १९९३ साली मोटारगाड्यांचा परवाना गेला आणि परदेशी कंपन्यांना दार उघडलं. प्रीमियरने एकाच वेळी दोन संसार मांडले. कुर्ल्याला फियाटबरोबर उनो आणि इकडे फ्रान्सच्या प्यूजोबरोबर '३०९'. ही प्यूजो ३०९ कुठे तयार होत होती? आपल्या कल्याण-शीळ रस्त्यावर, डोंबिवलीलगतच्या कारखान्यात. १.४ लिटरचं पेट्रोल आणि १.५ लिटरचं डिझेल इंजिन. परदेशी बनावटीची हॅचबॅक गाडी, जिच्या दारावर कल्याण-डोंबिवलीच्या कामगारांचे हात फिरलेले.

लोक खूश होते. तीस वर्षं एकच चेहरा बघितलेल्या लोकांना नवं रूप दिसलं होतं. उनोसाठी तर दोन लाखांहून जास्त नोंदण्या झाल्या. पण हे 'नवं' किती नवं होतं, याचा हिशेब मांडू. ११८ एनई मूळ गाडीनंतर एकोणीस वर्षांनी आली. उनो युरोपात १९८३ साली आली, भारतात १९९६ साली, म्हणजे तेरा वर्षांनी. ३०९ युरोपात १९८५ ची. ती इथे यायच्या आधीच, १९९३ साली, तिची पुढची गाडी ३०६ तिकडे बाजारात आली होती. त्यांच्याकडे उतरणीला लागलेलं रूप आपल्याकडे चढणीला लागत होतं. तोवर ग्राहकही बदलला होता. त्याच्यासमोर सिएलो होती, एस्टीम होती, पुढे १९९८ साली सँट्रो आली, पुण्याची इंडिका आली. १९९० चं दशक संपायच्या आत प्यूजो भारतातून निघून गेली आणि शीळ रस्त्यावरचा तो कारखाना थंडावला.

यातून आम्हाला एक गोष्ट दिसते. लोकांना नंबराची वाट पाहायला लावण्यात ज्या कारखान्याची तीन दशकं गेली, त्याला रूपाची वाट पाहायला लावणं जमलं नाही. ते कौशल्यच वेगळं. त्यासाठी ग्राहकाचं बोलणं ऐकावं लागतं. इंडिकाचं उदाहरण घ्या. पहिल्या इंडिकाबद्दल तक्रारी आल्या, तेव्हा पिंपरीच्या लोकांनी त्या मनावर घेतल्या आणि २००१ साली सुधारलेली व्ही-टू आणली. कुर्ल्यात मात्र हे शिकण्याची निकडच कधी पडली नव्हती. रांग दाराशी उभीच होती. परवाना पद्धतीने ग्राहकाचं नुकसान केलं, हे सगळे सांगतात. तिने कारखान्याचंही नुकसान केलं, हे कमी सांगितलं जातं. आणि त्याची किंमत कुणी भरली? परवाने देणाऱ्यांनी नाही. पहाटेच्या पाळीला सायकलवरून जाणाऱ्या माणसाने भरली.

न्यायशास्त्रात अभावाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यातले दोन इथे उपयोगी पडतील. मडकं घडायच्या आधी मातीत मडकं नसतं, तो प्रागभाव. त्याला सुरुवात नाही, पण शेवट आहे. मडकं झालं की तो संपतो. मडकं फुटल्यावर जे नसणं उरतं, तो प्रध्वंसाभाव. त्याला सुरुवात आहे, पण शेवट नाही. वर्गात हे शिकवताना मुलं पेंगायची, आणि चूक आमचीच होती. आम्ही मडक्याच्या पुढे जातच नव्हतो.

तो मुलगा शीळफाट्याला अडकून नव्या गाडीचा फोटो बघत होता, तेव्हा तो प्रागभावात सुखाने बसला होता. गाडी नाही, पण होणार आहे. आणि त्याच रस्त्याने आणखी चार-पाच किलोमीटर पुढे गेल्यावर जिथे मोटारी तयार होत होत्या, तिथे आता मोठमोठी निवासी संकुलं उभी आहेत. 'प्रीमियर मैदान' हे नाव तेवढं राहिलं. तिथे सभा होतात. तिथे प्यूजो तयार होत होती, हे त्याला माहीत नव्हतं. आम्ही सांगितलं, तर म्हणाला, "काय सांगता! डोंबिवलीत? गाडी?" हा प्रध्वंसाभाव. नाव आहे, वस्तू नाही, आणि ती परत येणार नाही. पद्मिनीचंही तेच झालं. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. योगायोग असा, की त्याच आठवड्यात जपानमध्ये टोकियोच्या प्रदर्शनात नव्या स्विफ्टचं रूप लोकांना दाखवत होते.

आमच्या वयाची माणसं तरुणांच्या या गाडीवेडाला हसतात. रूपाला काय भुलायचं, म्हणतात. आम्हीही म्हणत होतो. आता वाटतं, हे वेड जरा आदराने बघायला हवं. 'मी थांबलोय' हे त्या मुलाचं वाक्य आमच्या सहकाऱ्यांना कधी म्हणताच आलं नाही. त्यांना थांबवलं गेलं होतं. तो स्वतः थांबला होता. त्याला नको म्हणता येत होतं, आणि त्याच्यासारख्या हजारोंनी नको म्हटलं, तर कारखान्याला हातपाय हलवावे लागतात. पद्मिनीचं नाव बदललं आणि गाडी तीच राहिली. स्विफ्टचं उलट आहे. २००५ साली आली, मग २०११, २०१८, २०२४. प्रत्येक वेळी नाव तेच आणि गाडी दुसरी. शेवटच्या खेपेला जपाननंतर ती पाच महिन्यांत इथे आली. कुठे ती एकोणीस वर्षं!

मात्र एक प्रश्न त्या मुलाला विचारला होता, तोच तुमच्यापुढे ठेवतो. गाडीच्या दिव्याचा आकार बदलला, तर वर्षभर आधी तुम्हाला कळतं. त्यावर मतं असतात, भांडणं असतात, कंपनीला ती ऐकावी लागतात. मग ज्या रस्त्यावर ती गाडी अर्धा तास उभी राहते, त्याच्याबद्दल तुमचं वाट पाहणं कुठल्या प्रकारचं? ते आजही नंबराचंच आहे ना? लागेल तेव्हा लागेल! गाडीच्या बाबतीत आपण ग्राहक झालो. रस्त्याच्या बाबतीत, बसच्या बाबतीत, आपण अजून १९७० सालच्या रांगेत उभे आहोत, आणि नको म्हणण्याची मुभा तिथे आपल्याला आहे, असं आपल्याला वाटतच नाही.

त्याने उत्तर दिलं नाही. पुढचा कंटेनर हलला होता, त्याने गिअर टाकला. मे महिन्यात त्याने नवी गाडी नोंदवली, आली तेव्हा पेढे घेऊन आला. पहिली फेरी आम्हालाच मारून आणली. कल्याण-शीळ रस्त्याने गेलो. प्रीमियर मैदानाशी त्याने आपण होऊन गाडी जरा हळू केली. कुणी काही बोललं नाही, पण त्याने हळू केली, हे आम्हाला बरं वाटलं.

इथे थांबतो. तुमचे प्रश्न असतील तर जरूर विचारा.