नर्सिंगला जायचंय? आधी या शंका दूर करा

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी काही मुली आपल्या अम्मीला घेऊन माझ्याकडे येतात. "मॅडम, हिला नर्सिंगला घालू का?" या एका प्रश्नामागे बरीच धास्ती दडलेली असते. नेहमीच्या शंका आणि त्यांची उत्तरं इथे देत आहे.

सायन्स नव्हतं, मग?
बीएस्सी नर्सिंग ४ वर्षांचं. त्यासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं, शिवाय महाराष्ट्रात सीईटी द्यावी लागते. जीएनएम ३ वर्षांचं आणि एएनएम २ वर्षांचं. या दोन्हींना आर्ट्सची मुलगीही चालते. जीएनएमनंतर पोस्ट बेसिक करून पदवीही घेता येते.

इंग्रजी जमेल का?
उर्दू आणि मराठी माध्यमाच्या मुली इथेच घाबरतात. बीएस्सीची पुस्तकं इंग्रजीत असतात. वाक्यं साधी असतात, शब्द मात्र नवे. पण तेही तुकड्यांनी बनतात: 'कार्डिओ' म्हणजे हृदयाचं, 'आयटिस' म्हणजे दाह. सुट्टीत रोज दहा शब्द वहीत उतरवा. कॉलेज सुरू होईपर्यंत निम्मी भीती जाईल.

रक्त पाहून चक्कर आली तर?
सुरुवातीला येऊ शकते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. इंजेक्शनसारख्या गोष्टी आधी पुतळ्यावर शिकवतात. वॉर्डात उपाशीपोटी जाऊ नका. डोळ्यांपुढे अंधारी आली तर सिस्टरना सांगून लगेच खाली बसा. वॉर्डात जाण्याआधी हिपॅटायटिस बीची लस जरूर घ्या.

रात्रपाळी, स्कार्फ, पुरुष पेशंट?
रात्रपाळी करावी लागते, पुरुष रुग्णांची सेवाही करावी लागते. हे घरात आधीच मोकळेपणाने बोलून घ्या. मदीनेत हजरत रुफैदा (रजि.) तंबूत जखमी सैनिकांची शुश्रूषा करत, हे अब्बूंनाही आठवण करून द्या. स्कार्फ, पूर्ण बाह्या, हॉस्टेल आणि रात्रीच्या ने-आणीबद्दल कॉलेजचे नियम फी भरण्याआधीच विचारा. हात धुताना बाह्या वर कराव्याच लागतात, त्यात रुग्णाचा जीव जपला जातो.

फी कशी भरायची?
शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरतात. बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. जातीचा, उत्पन्नाचा आणि नॉन-क्रीमीलेयरचा दाखला निकालाआधीच काढून ठेवा. ऐनवेळी सेतू केंद्रात रांगा असतात आणि कागदाअभावी सवलत हुकते.

सर्वात मोठी काळजी
जी शंका कुणीच विचारत नाही, ती ही: कॉलेजला मान्यता आहे का? माझ्या एका विद्यार्थिनीने जाहिरात पाहून 'नर्सिंग'चा कोर्स केला. दोन वर्षं गेली, अम्मीच्या बांगड्या गेल्या, आणि शेवटी कळलं की त्या प्रमाणपत्रावर नोंदणीच होत नाही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी नसेल तर नर्स म्हणून काम करता येत नाही. म्हणून पैसे देण्याआधी कॉलेजचं नाव राज्य कौन्सिलच्या आणि भारतीय नर्सिंग कौन्सिलच्या यादीत स्वतः शोधा. एजंटच्या शब्दावर जाऊ नका, प्रत्येक पैशाची पावती घ्या.

बाकीच्या भीती पहिल्या सहा महिन्यांत विरून जातात. ही एक चूक मात्र नंतर सुधारता येत नाही. अल्लाह आपल्या मुलींची मेहनत कबूल करो.