वकिलीची सनद : कालची आणि आजची

दहावी-बारावीचे निकाल लागले की खेड्यातल्या शाळेच्या ओसरीवर एक प्रश्न हमखास येतो. मुलीचे वडील टोपी हातात घेऊन उभे राहतात आणि म्हणतात, "गुरुजी, हिला वकील करावं म्हणतो. बांधाच्या तंट्यापायी आमच्या दोन पिढ्या कोर्टाची पायरी झिजवीत आल्या. आता घरचंच माणूस उभं राहू दे. पण त्याला शिकावं काय लागतं?"

गुरुजी विचारात पडतात. मास्तर कसं व्हावं, ग्रामसेवक कसं व्हावं, हे त्यांना तोंडपाठ असतं. वकिलीची वाट मात्र नेमकी सांगता येत नाही. आज ती वाट आपण पाहणार आहोत. पण आधी थोडं मागं जाऊ. कारण या प्रश्नाचं उत्तर पूर्वी, विचारणारा कोण आहे, यावर अवलंबून असे.

'वकील' हा शब्द आपल्याकडे जुना आहे, पण मराठेशाहीत त्याचा अर्थ निराळा होता. एका दरबाराचा जो माणूस दुसऱ्या दरबारी राहून आपल्या धन्याची बाजू मांडी, तो वकील. गावचा तंटा गोतसभेपुढे किंवा पंचायतीपुढे जाई. तिथे वादी-प्रतिवादी आपापली हकीकत स्वतः सांगत, साक्षी-पुरावे होत आणि निवाड्याचा कागद, म्हणजे महजर, लिहिला जाई. पैसे घेऊन दुसऱ्यासाठी बोलणारा माणूस त्या सभेत नव्हता.

तो आला इंग्रजी कोर्टांबरोबर. 1827 साली, एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत, मुंबई इलाख्याचे कायदे एकत्र करण्यात आले, आणि कोर्टात काम चालवणाऱ्या वकिलांनाही नियम लागू झाले. 1846 च्या कायद्याने आणखी एक पाऊल पडले. कंपनीच्या कोर्टांत वकिली करण्यास कोणाचा धर्म किंवा देश आड येऊ नये, असे ठरले. 1862 साली मुंबईचे हायकोर्ट सुरू झाले. त्यापूर्वी मुंबई शहरातल्या सुप्रीम कोर्टात बॅरिस्टर आणि ॲटर्नी यांनाच शिरकाव होता.

आता या काळात वकिलीच्या घराला किती दारे होती ते पाहा. पहिले, सर्वांत मोठे दार बॅरिस्टरचे. त्यासाठी आगबोटीने विलायतेस जावे लागे. लंडनच्या चार 'इन्स'पैकी एकीत नाव घालून, परीक्षा देऊन, शिवाय तिथल्या भोजनगृहात ठरलेली जेवणे जेवून सत्रे भरावी लागत. महात्मा गांधी 1891 साली याच रीतीने बॅरिस्टर झाले. दुसरे दार ॲटर्नी किंवा सॉलिसिटरचे. हायकोर्टाच्या मूळ शाखेत, म्हणजे मुंबई शहराचे दावे जिथे थेट चालत तिथे, पक्षकाराने आधी सॉलिसिटरकडे जायचे आणि सॉलिसिटरने बॅरिस्टर नेमायचा, अशी रीत होती. तिसरे दार हायकोर्ट वकिलाचे. आणि चौथे, सर्वांत लहान, जिल्हा वकिलाचे.

हे चौथे दार लहान खरे, पण गरिबाला तेच परवडणारे होते. सरदार वल्लभभाई पटेलांचे उदाहरण घ्या. शेतकऱ्याचा मुलगा. 1897 साली मॅट्रिक झाले. कॉलेजचा खर्च झेपण्यासारखा नव्हता. दुसऱ्यांची पुस्तके आणून त्यांनी घरी अभ्यास केला, 1900 साली जिल्हा वकिलाची परीक्षा दिली आणि गोध्र्यास वकिली मांडली. पुढे स्वतःच्या कमाईतून पैसा साठवून ते विलायतेस गेले आणि 1913 साली बॅरिस्टर होऊन परतले. एकाच माणसाला एकाच घरात दोन वेळा, दोन निरनिराळ्या दारांनी शिरावे लागले!

शिक्षणाची सोयही हळूहळू वाढत गेली. मुंबईचे सरकारी लॉ कॉलेज 1855 चे, मुंबई विद्यापीठ 1857 चे. महादेव गोविंद रानडे 1866 साली एल्एल्.बी. झाले आणि 1893 साली हायकोर्टाचे न्यायमूर्ती. लोकमान्य टिळक 1879 साली एल्एल्.बी. झाले. त्यांनी वकिलीची सनद मिरवली नाही, तर पुण्यात कायद्याचा वर्ग काढून वकिलीच्या परीक्षेला बसणारी मुले तयार केली. 1924 साली पुण्यात इंडियन लॉ सोसायटीचे लॉ कॉलेज निघाले आणि मुंबईचा खर्च न झेपणाऱ्या मुलांना वाट मिळाली. देवराष्ट्रे या खेड्यात जन्मलेले यशवंतराव चव्हाण पुण्यास शिकून 1941 साली कायद्याचे पदवीधर झाले आणि त्यांनी कराडास वकिली सुरू केली.

पण मंडळी, ज्यांना दारेच बंद होती त्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

नाशिकला 1866 साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून शिकल्या. 1892 साली त्यांनी ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली. पण तिथे त्या वेळी स्त्रीला पदवी देत नसत. ती पदवी हाती पडली 1922 साली, तीस वर्षांनी! मधल्या काळात त्यांनी मुंबईची एल्एल्.बी. केली, तरीही इथल्या कोर्टांनी सनद दिली नाही. अखेर 1923 साली कायदा झाला, की केवळ स्त्री आहे म्हणून कोणालाही वकिलीस मज्जाव करता येणार नाही. त्याच साली मिठन टाटा, म्हणजे लग्नानंतरच्या मिठन लाम, बॅरिस्टर झाल्या आणि मुंबई हायकोर्टात वकिली करणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. आज तालुक्याच्या कोर्टात काळा कोट घातलेली एखादी ताई दिसली, तर तिच्यामागे ही तीस वर्षांची वाट आहे हे मुलींना सांगा.

दुसरी गोष्ट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. ते बॅरिस्टर होऊन आले आणि 1923 साली त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. सनद घ्यायलाही नवल भाथेना या मित्राची मदत घ्यावी लागली. आणि सनद मिळाली तरी काम कुठे होते? मूळ शाखेतले काम सॉलिसिटरच्या हातून यायचे, आणि अस्पृश्यतेने बुरसटलेल्या मनांचे सॉलिसिटर ते त्यांना देत नसत. म्हणून त्यांनी बाहेरच्या कोर्टांतली गोरगरिबांची कामे घेतली, शिकवून पोट भरले. 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावरून त्यांच्यावरच दावा लागला. तो 1937 पर्यंत, हायकोर्टापर्यंत गेला आणि तळ्याचे पाणी सर्वांचे ठरले. आपल्या माणसांतला एक जण कायदा जाणत असला म्हणजे काय होते, हे त्या दहा वर्षांनी दाखवले. ज्या सरकारी लॉ कॉलेजचा उल्लेख मघाशी केला, त्याचे ते 1935 साली प्राचार्य झाले.

स्वातंत्र्यानंतर ही चार दारे मोडून एकच करायचे ठरले. 1961 चा ॲडव्होकेट्स ॲक्ट तो हाच. बॅरिस्टर, वकील, प्लीडर हे भेद गेले. राहिला एकच वर्ग, अधिवक्ता. 1976 च्या दुरुस्तीने मूळ शाखेतली सॉलिसिटरची सक्तीही संपली.

मग आजची वाट कोणती? गुरुजी, हे फळ्यावर लिहून ठेवण्यासारखे आहे.

कायद्याच्या पदवीचे दोन रस्ते आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा, नाहीतर कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचा. बारावीला शास्त्र शाखाच हवी असे काही नाही. महाराष्ट्रातल्या कॉलेजांसाठी राज्याची सीईटी द्यावी लागते, तिची प्रश्नपत्रिका मराठीतही असते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट नावाची वेगळी परीक्षा आहे. अशी विद्यापीठे आपल्याकडे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. घरबसल्या पत्राद्वारे घेतलेल्या कायद्याच्या पदवीवर सनद मिळत नाही. कॉलेजला बार कौन्सिलची मान्यता आहे की नाही, हे फी भरण्याआधी पाहावे.

पदवीनंतर महाराष्ट्र आणि गोव्याच्या बार कौन्सिलकडे नाव नोंदवायचे, म्हणजेच सनद घ्यायची. याशिवाय 2010 पासून अखिल भारतीय बार परीक्षा आहे. तीही पार करावी लागते. सनदेच्या फीचेही ऐका. कायद्यात ती सर्वसाधारण उमेदवारास 750 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारास 125 रुपये आहे. तरी जागोजागी हजारोंनी रुपये घेतले जात. 30 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कायद्याबाहेर नोंदणीसाठी अधिक रक्कम घेता येणार नाही. बाबासाहेबांना ज्या उंबरठ्यावर मित्राचा हात धरावा लागला, तो उंबरठा आता कागदावर तरी ठेंगणा झाला आहे.

सनद झाली म्हणजे काय काय करता येते? पहिले, अनुभवी वकिलाच्या हाताखाली उमेदवारी. पहिली काही वर्षे कमाई बेताचीच असते, हे आईबापांनी आधीच समजून घ्यावे. दावा, कैफियत, उलटतपास हे तिथेच शिकायला मिळते. दुसरे, न्यायाधीशी. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, ही जागा राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून भरली जाते, आणि 2025 च्या मे महिन्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने त्यासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक झाली आहे. तिसरे, सरकारी वकिली. चौथे, बँका, कारखाने, सहकारी संस्था यांचे कायदा विभाग. पाचवे, दहा वर्षांच्या वकिलीनंतर नोटरी. सहावे, कायद्याचे अध्यापन.

भाषेची भीती मुलांनी धरू नये, पण ती विसरूही नये. जिल्हा आणि तालुका कोर्टांत मराठी चालते. हायकोर्टात इंग्रजी लागते. म्हणून दोन्ही भाषा घासूनपुसून तयार कराव्यात. हायकोर्टही आता पूर्वीइतके लांब राहिलेले नाही. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात त्याचे सर्किट बेंच बसू लागले आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या पक्षकारांची मुंबईची खेप वाचली, आणि तिथल्या तरुण वकिलांना घराजवळ काम मिळाले.

आता ओसरीवर उभ्या असलेल्या त्या वडिलांना काय सांगाल? मुलीला वकील होऊ द्या, दार तिच्यासाठी उघडे आहे, हे सांगाच. पण ती सनद घेईतो सात-आठ वर्षे जातील, आणि बांधाची तारीख तर पुढच्या महिन्यात आहे. तेव्हा हेही सांगा, की 1987 च्या विधी सेवा कायद्याखाली तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींची माणसे, अपंग, आणि ठरलेल्या मर्यादेहून कमी उत्पन्नाची माणसे यांना तिथे फुकट वकील मिळतो. अर्ज साध्या कागदावर करता येतो. तो लिहून द्यायला गुरुजींची पाच मिनिटे पुरे आहेत.