डॉइट्झचा एंजिन-कारखाना व एक विस्मृत पुस्तिका

कोलोन शहरासमोर, ऱ्हाईन नदीच्या पूर्वतीरावर डॉइट्झ नांवाचा भाग आहे. तेथील एंजिन-कारखान्याची हकीकत यंत्रशास्त्रज्ञांनी पुष्कळदां सांगितली आहे. जुन्या कागदांच्या संग्राहकांस तींत जें विशेष वाटावें, तें एका पुस्तिकेमुळें.

कारखान्याचा आरंभ ता. ३१ मार्च १८६४ रोजीं कोलोन येथें झाला. निकोलाउस ऑगुस्ट ओटो हा मूळचा फिरता विक्रेता. भांडवल व यंत्रविद्येचें ज्ञान पुरविलें तें ऑयगेन लांगेन यानें. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनांत त्यांच्या एंजिनास सुवर्णपदक मिळालें. यंत्र बोजड व भारी खडखडाट करणारें. पण लन्वारच्या एंजिनाच्या मानानें त्यास गॅस निम्म्याहूनहि कमी लागे. परीक्षकांनी कानांपेक्षां हिशेबावर विश्वास ठेविला, हें योग्यच झालें. १८६९ त कारखाना डॉइट्झला गेला. १८७२ त त्याची कंपनी झाली, व गोटलीब डाइम्लर आणि विल्हेल्म मायबाख तेथें आले.

१८७६ त ओटोनें शोषण, दाब, ज्वलन व उत्सर्जन अशा दट्ट्याच्या चार खेपांनीं चालणारें एंजिन सिद्ध केलें, व १८७७ त त्याचें ५३२ क्रमांकाचें जर्मन पेटंट मिळविलें. गंमत अशी कीं, मिश्रणाचे थर राखणें हेंच आपल्या शोधाचें मर्म, अशी ओटोची स्वतःची समजूत होती! प्रतिस्पर्धी कारखानदारांस मात्र त्या चार खेपाच हव्या होत्या. शोधतां शोधतां बो द रोशास या फ्रेंच एंजिनियरची १८६२ सालची शिळाप्रेसवर छापलेली पुस्तिका पुढें आली. तींत त्या चारी खेपा क्रमवार वर्णिलेल्या होत्या. या गृहस्थानें तसें यंत्र कधीं घडविलें नव्हतें. तथापि न्यायालयासमोरील प्रश्न नकलेचा नव्हता. कल्पना आधीं प्रसिद्ध झाली होती कीं नाहीं, एवढाच होता. ता. ३० जानेवारी १८८६ रोजीं जर्मन सर्वोच्च न्यायालयानें पेटंटाचा तो भाग रद्द केला.

त्याच वर्षीं इंग्लंडांत निकाल उलट लागला. पुस्तिकेची प्रत ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयांत होती; परंतु सूचींत ती केवळ कर्त्याच्या नांवाखालीं नोंदलेली. विषयावरून शोधणाऱ्यास ती सांपडण्याजोगी नव्हती, म्हणून ती प्रसिद्ध झाली असें मानतां येत नाहीं, असें ठरून ओटोचें पेटंट टिकलें. सूचीकाराच्या लेखणीचें असें मोल कारखानदारांस क्वचितच कळलें असेल. आमच्या मतें इंग्रज न्यायाधीशाची दृष्टि अधिक व्यवहारी होती; दप्तरांत असणें व लोकांस ठाऊक असणें या दोन भिन्न गोष्टी होत.

जर्मनींत मात्र चार खेपांचें एंजिन सर्वांस मोकळें झालें. डाइम्लर व मायबाख १८८२ तच डॉइट्झहून निघाले होते. कार्ल बेंझनें आपल्या मोटारगाडीच्या पेटंटाचा अर्ज केला तो निकालाच्या आदल्याच दिवशीं. ओटो १८९१ त वारला.

पुढें कारखाना डीझेल एंजिनांकडे वळला व १९२० नंतर ट्रॅक्टरहि करूं लागला. १९३६ चा ११ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर लहान शेतकऱ्यांसाठीं होता. १९३८ त कंपनीचें नांव क्लोक्नर-हुम्बोल्ट-डॉइट्झ झालें. १९९५ त ट्रॅक्टरांचा धंदा सामे या इटालियन कंपनीनें विकत घेतला. एंजिनें करण्याचें मूळ काम तेवढें डॉइट्झ कंपनीकडे राहिलें.